सरांची चूक सांगायची कुणी?

मी त्या दिवशी सात घरं बांधली. एका ओळीत, एकमेकांना खेटून, कुठे तसूभर फट नाही. चौतीस वर्षं भूगोलाच्या तासाला पोरांकडून बाकं सरळ लावून घेणाऱ्या माणसाला वाकडी घरं बांधताच येत नाहीत. बांधून झाल्यावर मी खुर्चीत मागे रेललो आणि पडद्यावरच्या माझ्या नगररचनेकडे कौतुकानं बघत राहिलो. दुर्दैव एवढंच, की त्या ओळीच्या मागे आमच्याच बाजूच्या थाकचे तबेले होते. तबेल्यांच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला दाट रान, आणि मध्ये चाळीस रथ लढाईला निघायच्या तयारीत.

रथ निघाले. माझ्या घरांपर्यंत आले, थांबले, मागे वळले, पुन्हा आले. परक्याच्या लग्नात हात धुवायची जागा शोधणाऱ्या पाहुण्यांसारखे ते इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरायला लागले.

"सर," हेडफोनमधून थाकचा आवाज आला, "आपलं चाललंय ते उत्तमच चाललंय. पण आपली हरकत नसेल तर, म्हणजे आपल्याला सवड होईल तेव्हा, ते मधलं एखादं घर जर का..."

"घराला काय झालं?" मी विचारलं.

"छे छे! घर छानच झालंय, सर."

तो असं म्हणतोय तोवर पलीकडे आमच्याच चमूतल्या नूचं गाव पेटलं होतं. रथ तिच्याच मदतीला निघाले होते. शेजारच्या किएन शुओंग तालुक्याच्या चौघांनी आधी नूला लोळवलं, मग आमच्या चौथ्या गड्याला, लोयला, आणि शेवटी निवांतपणे माझी सात घरं पाडून आत कोंडलेले चाळीस रथ टिपले. एकविसाव्या मिनिटाला सामना संपला. आपलं घर आपल्याला पाडायचं असेल तर कीबोर्डवर एक बटण असतं. एकच बटण, आणि ते माझ्या करंगळीपासून दोन बोटांवर होतं.

हरल्यावर मी काय केलं ते सांगायला हवं, कारण घरं बांधण्यापेक्षा ते वाईट होतं. मी म्हणालो, दुकान परकं, माउस परका, त्यामुळे हात बसला नाही. मग म्हणालो, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं, त्यामुळे तबेले दिसले नाहीत. आणि मग, देवा, मी थाकलाही म्हणालो, "तबेले कुणी असे कोपऱ्यात बांधतं का रे?"

थाकनं मान खाली घातली. "चुकलंच माझं, सर," तो म्हणाला.

नूनं बर्फाच्या चहाचा एक ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पेपर तपासताना एखाद्या उत्तराकडे मी जसं बघायचो, तसं.

आमच्या थाय बिन्ह प्रांतात संगणकावरचा हा जुना खेळ कोण खेळत नाही ते विचारावं. आम्ही त्याला नुसतं 'साम्राज्य' म्हणतो. जगात त्याच्यानंतर शंभर खेळ आले, चित्रं सुंदर झाली, आवाज सुधारले. आम्ही मात्र पंचवीस वर्षं त्याच बोटाएवढ्या माणसांकडून लाकडं तोडून घेतोय, हरणं मारून घेतोय, घरं बांधून घेतोय आणि मग फौज काढून शेजारच्या तालुक्यावर चाल करून जातोय. बुद्धिबळासारखी आपली पाळी येईपर्यंत हनुवटी खाजवत बसायची सोय यात नाही. सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. तुम्ही लाकडाकडे बघता तेव्हा शत्रू तुमच्या शेताकडे बघत असतो.

आणि या खेळातली आमच्या भागातली सगळ्यात जाणती व्यक्ती म्हणजे नू. चाळीस वर्षांची बाई, केसांना कायम रबर, पायात कायम प्लास्टिकच्या चपला. नवरा नदीवर वाळूची नाव चालवतो, मुलगी हनोईला शिकते. चा ली नदीच्या पुलाखाली नूचं बारा संगणकांचं खेळाचं दुकान आहे. आधी ते तिच्या मामाचं होतं. शाळा सोडल्यावर ती टॉवेल विणायच्या मागावर दोन वर्षं होती. तिथे कानाला दडे बसायला लागले म्हणून मामानं तिला दुकानात आणली. काम काय, तर दातांच्या ब्रशानं कीबोर्ड साफ करायचे, ओरडणाऱ्यांना "हळू" म्हणायचं, आणि अंडं फोडून नूडल करून द्यायचे.

पहिली दहा वर्षं ती एक डावसुद्धा खेळली नाही. ती फक्त खुर्च्यांच्या मागून जायची. हातात वाडगा, नजर पडद्यावर. मागून बघणाऱ्याला एक सोय असते. खेळणाऱ्याला शत्रू दिसतो, मागच्याला खेळणारा दिसतो. कोणता माणूस कोणत्या मिनिटाला काय चुकणार हे तिला इतकं पाठ झालं, की ती नूडलही त्या बेतानं आणायची. एकदा कुणीतरी ओरडलं, "नूताई, भूक लागली, कधी आणणार?" तर चुलीपाशी उभी राहून ही म्हणाली, "चार मिनिटं थांब. चार मिनिटांत तुझं लाकूड संपणार, मग तू मोकळाच आहेस." चौथ्या मिनिटाला त्याचं लाकूड संपलं आणि पाचव्याला तो मुकाट्यानं नूडल खात होता.

मग एका रविवारी लोयच्या चमूतला चौथा गडी आला नाही. त्याच्या डुकरिणीला पिल्लं होत होती. लोय लग्नांची चित्रफीत काढण्याचा धंदा करतो, बोलायला फटकळ. तो म्हणाला, "ताई, नुसती खुर्चीत बस. हलू नकोस, मरू नकोस." नू पळी बाजूला ठेवून बसली आणि पस्तीस मिनिटांत तिनं समोरच्या चौघांपैकी तिघांना गुंडाळलं. उठताना एवढंच म्हणाली, "तुम्ही दहा वर्षं ज्या चुका करताय तेवढ्या मी केल्या नाहीत. बाकी मला काही येत नाही."

हे मी ऐकीव सांगतोय. मी दुकानात आलो तो निवृत्तीनंतर. साठाव्या वर्षी शाळेनं मला फुलदाणी दिली आणि सुट्टी दिली. पहिला महिना मी घरी बायकोला भूगोल शिकवला. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "अहो, वारे कुठून वाहतात ते मला कळलं. आता तुम्हीही थोडं वाहा." वॉर्डात निवृत्तांचा बुद्धिबळाचा अड्डा आहे, पण तिथे डावापेक्षा रक्तदाबाच्या गोळ्यांची चर्चा जास्त. तेव्हा मी पुलाखालच्या दुकानात शिरलो, आणि बघतो तर गल्ल्यावर माझीच विद्यार्थिनी.

नूला मी सहावीत भूगोलात शून्य दिलं होतं. प्रश्न होता, लाल नदीचा उगम कुठे? तिनं लिहिलं होतं, 'माहीत नाही. बघून सांगते.' मी लाल शाईनं 'उद्धट' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी ती खरंच नकाशा बघून उत्तर सांगायला आली, तर मी म्हणालो, परीक्षा संपली. हे सगळं मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. "बसा सर," म्हणाली, "शेवटचं यंत्र रिकामं आहे. माउस जरा चिकट आहे." दीड वर्षात मी त्या चिकट माउसवरून तिच्या चमूत आलो. थाक आणि लोय हेही माझेच विद्यार्थी. थाक तर वर्गाचा मॉनिटर. आता डुकरांच्या खाद्याची एजन्सी चालवतो, पण मी समोर दिसलो की अजूनही छातीवर हातांची घडी घालून उभा राहतो.

तर त्या पराभवानंतरचा सोमवार. नूनं आम्हाला तीन वाजता बोलावलं. टेबलावर तिनं सूर्यफुलाच्या बियांची पुडी ओतली आणि डाव मांडायला घेतला. आदल्या दिवशीचा सगळा सामना, पहिल्या मिनिटापासून, तिच्या डोक्यात होता. बिया म्हणजे माणसं, काड्यांची पेटी म्हणजे तिचं गाव, बांबूचा हुक्का म्हणजे नदी. मग तिनं चहाचे सात ग्लास घेतले आणि एकमेकांना खेटून एका ओळीत लावले.

"सर, हे काय आहे?"

"ग्लास," मी म्हणालो.

लोय खुदकन हसला. नू हसली नाही. तिनं चाळीस बिया मोजून ग्लासांच्या मागे ठेवल्या. "आणि हे?"

"रथ असावेत."

"बाहेर कसे येणार?"

मी म्हणालो, "काल उन्हामुळे..."

"थांबा," नू म्हणाली. "हा शब्द आजपासून या दुकानात बंद. 'मुळे'. उन्हामुळे, माउसमुळे, थाकमुळे. ज्याच्या तोंडून 'मुळे' येईल त्यानं त्या दिवशीचे सगळ्यांचे ग्लास धुवायचे. हरल्यावर पहिलं वाक्य आपल्या स्वतःच्या चुकीचं. मग बाकीची चर्चा."

"पण ताई," थाक चाचरत म्हणाला, "चूक माझीही होती. मी सरांना वेळेत सांगितलं नाही."

"काय सांगितलंस? आता पुन्हा सांग. काल जसं सांगितलंस तसंच." तिनं फोनमधलं घड्याळ लावलं.

थाकनं घसा खाकरला, सवयीनं हातांची घडी घातली. "सर, आपलं चाललंय ते उत्तमच चाललंय. पण आपली हरकत नसेल तर, म्हणजे आपल्याला सवड होईल तेव्हा, ते मधलं एखादं घर जर का..."

"बारा सेकंद," नू म्हणाली. "आणि अजून क्रियापद आलेलं नाही."

आमची खरी अडचण तिथे होती, आणि ती एकट्या थाकची नव्हती. आमच्या भाषेत समोरच्याला नुसतं 'तू' म्हणता येत नाही. तो काका आहे की दादा, मामा आहे की सर, हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडत नाही. स्वतःचंही तेच. विद्यार्थ्यांशी बोलताना मी स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'सर' म्हणतो. 'सर उद्या येणार नाहीत, सरांना ताप आहे,' असं. त्यामुळे... नाही, हा शब्द नको. तर 'सर चुकले' हे वाक्य मला म्हणायचं, तर ते माझ्याच तोंडातून बाहेर पडून माझ्यासमोर छडी घेऊन उभं राहणार. चौतीस वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. वर्गात फळ्यावर चुकलो तर मी म्हणायचो, "बघू, कुणाच्या लक्षात येतं!"

नूनं यावर तोडगा काढला तो असा. खेळात प्रत्येकाच्या फौजेला रंग असतो. ती लाल, थाक निळा, लोय हिरवा, मी पिवळा. "हेडफोन कानावर चढला की सर नाही, ताई नाही, कुणी नाही," ती म्हणाली. "फक्त रंग. थाक, म्हण बघू: पिवळ्या, घर पाड."

थाकला घाम फुटला. "पिवळे..." तो म्हणाला. "पिवळे सर..."

"सर नाही!"

"पिवळे साहेब, घर..."

लोयनं टेबलावर डोकं ठेवलं. आठव्या प्रयत्नात थाक डोळे मिटून "पिवळ्या घर पाड" असं एका दमात म्हणाला आणि पटकन बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

"आणि सर, एक आधीच सांगते," नू माझ्याकडे वळली. "तीन आठवड्यांनी किएन शुओंगवाले जत्रेला इकडे येणार. परतीचा सामना आपल्या दुकानात. त्यात तुमच्याकडून हीच चूक पुन्हा झाली, तर पुढच्या सामन्यापासून तुमच्या खुर्चीत ख्वे बसेल."

ख्वे म्हणजे आमच्या बाजारातला तिशीतला दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक हत्यारं फिरवून त्याची बोटं अशी तयार झालेली, की माउस त्याच्या हातात नाचतो. तो कधीपासून माझ्या मागे उभा राहून माझ्या पडद्याकडे बघत होता. माझ्या दातांकडेही बघायचा, पण त्या नजरेत फरक होता.

हसू नका, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही हो. रस्त्यात सगळे वाकून नमस्कार करतात आणि पुढे जातात. मी सांगितलेलं सगळे ऐकून घेतात, म्हणजेच कुणी ऐकत नाही. त्या एका चिकट माउसच्या खुर्चीतच दुपारी तीन ते पाच मला कुणीतरी घाईघाईनं काहीतरी मागत असतं. लाकूड पाठवा, धान्य पाठवा, लवकर! ती खुर्ची गेली, तर माझ्या वाट्याला फुलदाणी आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

म्हणून मी अभ्यासाला लागलो. तीन आठवडे रोज. रोज हरायचो आणि रोज पहिलं वाक्य म्हणायचो. 'सर चुकले' हे जिभेवर येईना. पण 'पिवळा चुकला' हे आश्चर्यकारक सोपं निघालं. पिवळा हा कुणीतरी दुसराच बावळट इसम होता, मला त्याच्याबद्दल काही आदर नव्हता. "पिवळ्यानं शेतं उशिरा काढली." "पिवळा हत्तीच्या मागे गेला आणि हत्ती पिवळ्याच्या मागे लागला." लोय म्हणाला, "या पिवळ्याला शाळेत कुणी शिकवलं होतं कोण जाणे." 'मुळे' मात्र सुटता सुटेना. तो शब्द माझ्या वाक्यात शिंकेसारखा यायचा. मी इतके ग्लास धुतले, की एक दिवस बायकोनं दुकानाबाहेरून मला बघितलं, आणि तेव्हापासून घरचेही ग्लास मीच धुतो. चाळीस वर्षं लपवलेली कला अशी उघड झाली.

जत्रेच्या दिवशी दुपारी किएन शुओंगचे चौघे आले. त्यांचा म्होरक्या बांग. पूर्वी मी त्यांच्या शाळेत दोन वर्षं होतो, तेव्हा तोही माझाच विद्यार्थी. येताना माझ्यासाठी भाजक्या तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आला, दोन्ही हातांनी दिला, तब्येतीची चौकशी केली आणि मग समोरच्या रांगेत जाऊन आम्हाला पहिल्या डावात धूळ चारली. दुसरा डाव नूनं जवळजवळ एकटीनं जिंकला. तिसऱ्यावर सगळं आलं. ख्वे माझ्या मागे येऊन उभा राहिला.

तिसऱ्या डावात मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. काही झालं तरी कुणाची वाट अडवायची नाही. थाकच्या तबेल्याभोवती मी गवताचं पातंसुद्धा हलू दिलं नाही. लाकूड तोडलं, धान्य जमवलं, शेतं काढली. नदीकाठ कसा मोकळा, हवेशीर. माझा प्रदेश बघून कुणालाही वाटलं असतं, इथे सहलीला यावं. चौदाव्या मिनिटाला मी फौज काढायचं बटण दाबलं. फौज येईना. पुन्हा दाबलं. यंत्रानं नुसता 'टुक' असा आवाज केला.

घरं नव्हती. या खेळात जेवढी घरं तेवढीच माणसं. वाट अडेल या धास्तीनं मी पुरेशी घरंच बांधली नव्हती, आणि घर नसलेल्या गावात सैनिक जन्माला येत नाहीत. मागच्या वेळी सात घरं जास्त, या वेळी सात घरं कमी. एका चुकीतून मी एवढं शिकलो होतो, की बरोबर तिच्या विरुद्ध टोकाला जाऊन पडलो होतो.

आणि त्याच क्षणी नदीपलीकडे बांगचे रथ दिसले. तीस, पस्तीस. सरळ माझ्याकडे.

खरं सांगतो, एका श्वासात माझ्या डोक्यात तीन 'मुळे' तयार झाले होते. मागे ख्वेचा श्वास मानेवर लागत होता. मग मी ओरडलो, "पिवळा चुकला! पिवळ्याकडे घरं नाहीत! पिवळ्याकडे फौज नाही, एकसुद्धा नाही!"

"लाल येते," नू म्हणाली. शांतपणे. जणू नूडल आणते म्हणाली.

"हिरवा लाकूड पाठवतो," लोय.

"निळा निघाला," थाक म्हणाला, आणि त्याचे रथ मोकळ्या वाटेनं खरंच निघाले. मी घरं बांधायला घेतली. पण जुनी खोड जाते थोडीच? पहिलं घर लावलं, दुसरं त्याच्या शेजारी लावायला गेलो, ते जरा तिरकं बसलं, म्हणून रद्द करून पुन्हा सरळ लावायला लागलो. बांगचे रथ शेतांत शिरले होते आणि मी ओळ जुळवत होतो.

तेव्हा थाक, वर्गाचा मॉनिटर, मला बघून आजही हातांची घडी घालणारा थाक, पूल हादरेल अशा आवाजात ओरडला, "अरे पिवळ्या! बैला! वाकडं तर वाकडं, बांध की!"

आमच्याकडे मूर्खपणाची परमावधी म्हणजे बैल. त्याच्या पुढे शिवी नाही, थेट हाणामारी. मी मात्र दचकलो नाही, कारण हाक मला नव्हतीच, त्या पिवळ्याला होती, आणि मला ती अगदी रास्त वाटली. मी फटाफट वाकडीतिकडी घरं ठोकली.

दचकला तो बांग. समोरच्या रांगेत तो ताडकन उभा राहिला. हेडफोन काढला, माउस सोडला. "ए थाक! सरांना बैल म्हणतोस? लाज वाटते का काही?"

"सर नाही, पिवळा!" थाक पडद्यावरची नजर न काढता ओरडला.

"पिवळा म्हणजे सरच ना रे! ज्यांनी तुला नकाशा वाचायला शिकवला, त्यांना..."

"बांग, बस खाली!" त्याचे गडी ओरडायला लागले. "बांगदादा, रथ! रथ बघ!"

पण बांगचं गुरुजनांविषयीचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं. आणि नूनं तेवढ्यात कुणाविषयी काहीही न बोलता आपले रथ एका बाजूनं आणि थाकचे दुसऱ्या बाजूनं आणून त्याची सबंध फौज माझ्या शेतात कापून काढली. बांग खाली बसला तेव्हा त्याच्याकडे तीन रथ होते. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी हार मानली.

बांग उठून माझ्यापाशी आला. चेहरा पडलेला, तरी दोन्ही हात पुढे जोडलेले. "सर, आज तुमच्या मानापानामुळे आम्ही..."

"मुळे!" लोय किंचाळला. "ग्लास तिकडे आहेत, दादा!"

नियम त्याला माहीत नव्हता, पण समजावल्यावर पठ्ठ्यानं खरंच धुतले. थाकचा मात्र पत्ता नव्हता. शोधलं तर पुलाखाली स्कूटरपाशी हातांची घडी घालून उभा. मी बाहेर गेलो तर म्हणाला, "सर, मी वीस वर्षांत आपल्यासमोर मोठ्यानं शिंकलोसुद्धा नाही."

"अरे, पिवळ्याला म्हणालास," मी म्हणालो.

"हो, पण आपण पिवळे होतात ना, सर." त्याचे डोळे भरले होते. त्याला आत आणायला मला तिळाच्या वड्यांचा अख्खा डबा लागला.

संध्याकाळी नूनं सगळ्यांसाठी माशाच्या रश्श्यात तांदळाच्या शेवया केल्या, किएन शुओंगवाल्यांसकट. बांग आणि थाक शेजारी शेजारी बसून, मागच्या पिढीला किती मान होता यावर एकमेकांना दुजोरा देत होते. ख्वे माझ्या खुर्चीत बसून माझा चिकट माउस सहज हलवून बघत होता.

मी वाडगा घेऊन चुलीपाशी गेलो. नू मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती.

"नू," मी म्हणालो, "तू म्हणाली होतीस, तीच चूक पुन्हा झाली तर खुर्ची जाईल. आता नीट बघ. मागच्या वेळी घरं जास्त झाली होती. या वेळी कमी पडली. म्हणजे शब्दशः घेतलं तर ही तीच चूक नव्हे. उलट चूक आहे. शिवाय मी ती लगेच सांगितली. शिवाय, एका अर्थी, सामना आपण माझ्या... म्हणजे माझ्या चुकीनंच जिंकलो. तर माझं काय?"

नूनं माझ्या वाडग्यात माशाचा एक तुकडा जास्तीचा टाकला आणि म्हणाली, "खुर्ची तुमचीच, सर, पण पुढच्या वेळी बैल मी म्हणणार."